गुरुवारची अंडी

।। श्री दत्त ।।

कोल्हापूर
सोमवार, ४ फेब्रुवारी २००२

चि. वर्षाराणीस,

आशीर्वाद आहेतच. तू मागत नाहीस म्हणून ते कमी होत नाहीत.

पार्सल शनिवारी पोचलं. आत निघालं ते असं: आण्णांसाठी लोकरी बनियन एक, पायमोजे दोन जोड, सुयांचं पाकीट एक, चॉकलेटचा डबा एक (कोपऱ्यात चेपलेला), रंगीत फोटो एक, आणि आण्णांच्या नावची चिठ्ठी. कस्टमचे दोनशे चाळीस भरले. पोस्टमन वीस मागत होता, दहा दिले. बनियनवरची किंमत तू खोडली आहेस, पण उजेडात धरली की वाचता येते. एवढं महाग घेत जाऊ नकोस. जर्मनीत थंडी तुला आहे, इथं आण्णा फेब्रुवारीतच पंखा लावतात.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून आण्णांना बारीक अक्षर लागत नाही, म्हणून त्यांच्या नावची चिठ्ठी मीच वाचून दाखवली. आठ महिन्यांत आईच्या नावानं एक ओळ नाही. असू दे.

तू लिहिलंस की आपल्याकडच्या ओढ्यातल्या माशांची अंडी तिथं पुन्हा करून बघितली, आणि मेंदूतली ती जांभळी पट्टी वेळेवर उमटली. म्हणजे तुझ्या पीएच.डी.च्या कामात तीन वर्षं घरी धरलेल्या त्यांच्या अंड्यांत ती उशिरा उमटलेली दिसली, तेच खोटं ठरलं. आणि पुण्याला नेऊन अंड्यांना रंग चढवायचं काम तुझ्याबरोबर पीएच.डी. करणाऱ्या प्रसेनजीतकडं होतं, तेव्हा गुरुवारच्या बाटल्यांत त्यानंच काहीतरी घाई केली असणार. तो गुरुवारी किती वाजता बाटल्या न्यायचा, असं तू आण्णांना विचारलंस.

आण्णा तेव्हा साखर कारखान्यावर कामाला, त्यांना काय ठाऊक? मला ठाऊक आहे म्हणून मी लिहिते. अकराच्या सुमारास यायचा. बाटली फ्रीजमधून काढून मी बर्फाच्या डब्यात घालून द्यायची, तो सोप्यातूनच घेऊन जायचा. नेहमी गडबडीत असायचा, एवढं आठवतं.

तुझ्या-त्याच्या लग्नाबद्दल मी जे बोलले ते बोलले. आपल्या घरात तसं चालणार नाही, हेच म्हणाले होते. आता तो माणूस कामाला बरोबर नव्हता असं तूच म्हणतेस. मग राग माझ्यावर कशाला ठेवायचा?

टाकीतले सहा मासे राहिलेत. त्यांना खायला घालते. टाकीवरची ट्यूब मात्र आता लावत नाही, वीज फुकट जाते.

तुझी,
आक्का

—

कोल्हापूर
शुक्रवार, १ मार्च २००२

चि. वर्षा,

पत्र आलं, आणि माझ्या नावानं आलं. वरचं ‘प्रिय आक्का’ एवढंच आधी तीनदा वाचलं, मग खालचं. दत्ताच्या फोटोपुढं ठेवलं होतं दिवसभर. आण्णा म्हणाले, "आता फ्रेम करून घे की त्याची." त्यांना चेष्टाच सुचते.

तू लिहिलंस, मी म्हणाले ते बरोबर निघालं, तो गडबड करायचा असं तुलाही वाटतच होतं, आणि तसं सविस्तर पत्र तू तुमच्या दोघांच्या गाईडना, सरांना पाठवलंस. सरांना इतक्या लगेच लिहायला नको होतं. गडबडीत असायचा हे मी त्याच्या चालण्याबद्दल लिहिलं. पुण्याची गाडी गाठायची असायची त्याला. कामातलं मला काय कळतंय?

तू पाठवलेला माशाचा फोटो शेजारच्या अंबूबाईनं बघितला. म्हणाली, "ही कसली अळी गं, पट्टं मारल्यागत?" मी तिला तू मला सांगितलं होतंस तसंच सांगितलं. मासा अंड्यात एक दिवसाचा असतो तेव्हा काचेसारखा आरपार असतो, त्याचा मेंदू आणि पाठीची मोठी नस तेवढ्यातच घडत असतात. शरीराच्या कणाकणात पोथी सगळी तीच असते. पण सप्ताहात कुठल्या दिवशी कुठला अध्याय वाचायचा हे जसं ठरलेलं, तसं मेंदूच्या कुठल्या जागी, कितव्या तासाला कुठलं जनुक जागं व्हायचं हे ठरलेलं. जिथं ते जागं झालं तिथं जांभळा रंग धरतो. अंबूबाईला पटलं. मग म्हणाली, "आणि रंग बघून झाला की सोडता व्हय परत पाण्यात?" मी म्हणाले, मेल्याशिवाय रंग चढत नाही. ती तांदूळ निवडत बसली.

सहज विचारते. अंडं चोवीस तासांचं असायच्या ऐवजी दोन-तीन तासांनी लहान असलं, तर पट्टीत फरक पडतो का? एवढ्याशानं काय होणार, असं आपलं मला वाटतं.

परवा माघी पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाऊन आले. नारळ दिला. नदीला पाणी कमी आहे. बाकी घरी ठीक. कुणी आलं नाही, गेलं नाही.

तुझी,
आक्का

—

कोल्हापूर
रविवार, १७ मार्च २००२

चि. वर्षा,

मागच्या पत्रात कुणी आलं नाही असं लिहिलं, ते खरं नव्हतं.

वाडीला गेले त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, प्रसेनजीतची आई आली होती. बायडाबाई. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. शिरोळकडनं सकाळच्या गाडीनं आली होती, हातात पिशवी, पायरीच्या खालीच उभी राहिली. मी वर या म्हणाले नाही.

म्हणाली, "वैनी, वर्षाबाईंचा पत्ता तेवढा द्या की. पोरगं पत्र लिव्हतो म्हणतंय, पर जुना पत्ता बदललाय म्हणं."

मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, सरांनी त्याचा प्रबंध अडवून धरलाय. कॉलेजात जागा मिळाली होती, ती पीएच.डी. मिळाली तरच पक्की व्हायची. आता जर्मनीहून पत्र आलंय की पोरगं कामात चुकार आहे. "चार वर्सं घड्याळाकडं बघून काम केलंय हो त्यानं. पुण्यात ताटावरनं उठून जायचा म्हणं, रंगाची येळ झाली म्हणून. म्या त्याला विचारलं, खरं सांग, कुठं चुकलास काय? तर म्हणतंय, आई, मलाबी तेच हुडकायचं हाय. जेवंना झालाय."

मी म्हणाले, पत्ता माझ्याकडं नाही, ती घर बदलते सारखी.

तुझं पाकीट तेव्हा माझ्या पाठीमागं, कॅलेंडरच्या खिळ्याला खोचलेलं होतं. तिला दिसलं असेल किंवा नसेल. "बरं. तरास दिला तुमाला," एवढं म्हणून गेली. जोत्यापर्यंत उन्हं आली होती आणि मी तिला पाणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीला गेले ते मन लागेना म्हणून. नारळ दिला तो कशासाठी, ते लिहायला आज हात चालत नाही. पत्र अर्धं ठेवते.

बुधवार, २० मार्च

तुझं पत्र आज आलं. तीन तासांनी फरक पडतो, असं तू लिहिलंस. त्या वयाला दर तासाला मेंदूत नवं काही जागं होतं, तीन तास म्हणजे फार झाले. आणि खाली विचारलंस, ‘पण तू हे का विचारतेस?’

आता सरळ लिहिते. मधे थांबले तर परत लिहिणार नाही.

तुझ्या वेळापत्रकात पुण्याहून आणलेल्या माशांची अंडी सोमवारी आणि ओढ्यातल्या माशांची बुधवारी धरायची होती. सकाळी नऊला ट्यूब लावली की साडेनऊपर्यंत अंडी पडायची, मी गाळणीनं काढायची. दुसऱ्या दिवशी साडेनऊला चोवीस तास झाले की औषधात घालायची, त्यात ती मरतात आणि वाढ तिथंच थांबते. म्हणजे पुण्याच्या माशांची बाटली मंगळवारी, ओढ्याच्या माशांची गुरुवारी. मंगळवार ते गुरुवार तू पहिल्या एसटीनं कॉलेजला शिकवायला जायचीस, म्हणून ते काम माझ्याकडं.

पहिल्या गुरुवारी भिंग धरून बघितलं. अंड्यात शेपूट हलत होतं. दत्ताचा वार. आपल्या घरात गुरुवारी कोंबडीचं अंडंसुद्धा फोडत नाहीत, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. माझा हात पुढं होईना. तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस, नाहीतर चिडून मासे डिपार्टमेंटला नेले असतेस. तिथं शिपाई दिव्यांबरोबर हवेचा पंपही बंद करून जायचा आणि मासे मरायचे. तुझं काम थांबलं असतं.

मग मी मनाशी वाट काढली. वार सूर्योदयाला सुरू होतो. सूर्य उगवेपर्यंत बुधवारच. तू पहाटे गेलीस की कॅलेंडरात सूर्योदयाची वेळ बघायची आणि त्याच्या आत बाटली करून टाकायची. मे-जूनमध्ये सहाच्या आत, जानेवारीत सातच्या आत. म्हणजे साडेनऊच्या ऐवजी साडेतीन तास आधी, थंडीत अडीच तास आधी. तुझं काम झालं आणि माझा वारही पाळला गेला, असं मला वाटलं. लेबलवर ‘२४ तास’ तू आधीच लिहून ठेवायचीस. मी फक्त चिकटवत होते, म्हणून मी खोटं लिहिलं नाही, अशी माझी समजूत.

मंगळवारची अंडी मात्र घड्याळ बघून बरोबर साडेनऊला घातली. तीही हलतच होती. तेव्हा हात अडला नाही.

ओढ्याचे मासे मागं नव्हते, वर्षा. त्यांना मी वेळच पुरता दिला नव्हता.

तुझ्या प्रबंधात एक अख्खं पान आहे ना, थंडीच्या दिवसांत हा उशीर कमी दिसतो म्हणून? पाणी गार असतं, त्याचा काही परिणाम असावा, असं तू लिहिलंस. मला तू वाचून दाखवलं होतंस, मी शेंगा सोलत ऐकत होते. तो गारठ्याचा परिणाम नाही. थंडीत सूर्य उशिरा उगवतो.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं सांगते, थोडं कळलं होतं. पण तुझा लेख छापून आला होता, आण्णांनी कारखान्यावर पेढे वाटले होते. मग तुझी जर्मनीची चिठ्ठी आली आणि तुझं बोट प्रसेनजीतकडं होतं. त्याच्यावरचा तुझा विश्वास उडाला हे वाचून मला बरं वाटलं. मला जे हवं होतं ते भांडण न करता झालं होतं. म्हणून मी अकरा वाजता यायचा एवढं खरं लिहिलं, आणि त्याला ‘गडबडीत असायचा’ हे जोडून दिलं. बायडाबाई येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाडीला नारळ दिला, तो तुझं-त्याचं तुटलं तर देईन म्हणून कबूल केलेला होता. दिला, आणि पायरीवर बसून राहिले. 

माझ्या दुधाच्या वहीत दर गुरुवारच्या रकान्याला खरी वेळ लिहिलेली आहे. तिथं मला दुसरी वेळ लिहिता आली नाही. एकशे बारा गुरुवार आहेत. आजच सगळे उतरवून काढले, यादी सोबत आहे. शेजारी त्या त्या दिवसाचा सूर्योदय घातलाय. तुझ्या आकड्यांशेजारी ठेवून बघ.

आण्णांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "गप बस की. कुणाला कळणार हाय? पोरगीच्या पोटावर पाय देतीस व्हय?"

मी म्हणाले, मला कळलंय की.

आक्का

—

कोल्हापूर
मंगळवार, २ एप्रिल २००२

चि. वर्षा,

तुझ्या उत्तराची वाट बघायला हवी होती. बघवली नाही.

शनिवारी वही घेऊन शिरोळला गेले. तिथून पुढं टमटम. आण्णा आले नाहीत. घर सापडायला वेळ लागला नाही, ‘मास्तरचं घर’ म्हटल्यावर पोरांनी दाखवलं. तो आता दहावीच्या शिकवण्या घेतो. दारात आले तेव्हा बायडाबाई भाकरी थापत होती. उठली नाही. "या," म्हणाली, आणि तवा उतरवून ठेवला.

प्रसेनजीत वाळलाय. मला बघून शर्टाची बटणं लावत उभा राहिला. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसं. बायडाबाई ऐकत होती. मधेच तिनं एकदाच विचारलं, "आन् पत्ता होता न्हवं त्या दिवशी?" मी हो म्हणाले.

प्रसेनजीतनं हात पुढं केला. वही घेतली, पेन्सिल घेतली आणि जमिनीवर बसून वजाबाक्या करायला लागला. मला वाटलं होतं चिडेल. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो रकान्यामागून रकाना उतरत गेला, मधे एकदा उठून पेटीतून स्वतःच्या कामाच्या वह्या काढून आणल्या. अर्धा-पाऊण तास गेला असेल. मग म्हणाला, "काकू, सगळे गुरुवार?" मी म्हणाले, सगळे. "तुमचे तास धरले की पट्टी जिथं असायला पाहिजे तिथंच बसते. एकशे बारापैकी चारच बसत नाहीत. ते माझे चुकले असतील."

चार त्यानं स्वतःवर घेतले. मी न विचारता.

मी म्हणाले, वर्षाला मी फसवलं, तिचा दोष नाही. त्यावर तो जे म्हणाला, ते तुला जसंच्या तसं लिहिते, कारण ते मी गाळलं तर परत तेच केल्यासारखं होईल. म्हणाला, "वेळ चुकली ती तुमची. पण तिनं मला एकदा विचारलं नाही, सरांना लिहिलं. ते तुमच्या वहीत नाही."

काल त्याच्याबरोबर युनिव्हर्सिटीत सरांकडं गेले. मी कधी त्या इमारतीत पाय ठेवला नव्हता. सरांनी वही उलटीपालटी करून बघितली. दूध दीड लिटर, खाली वेळ. दूध दोन लिटर, खाली वेळ. म्हणाले, बाई, तुमचं म्हणणं मला खरं वाटतं. पण कागदावर चालणार नाही. वर्षाराणीच्या प्रबंधात स्वच्छ लिहिलंय की सगळी अंडी तिनं ‘स्वतः, चोवीस तास पूर्ण झाल्यावर’ औषधात घातली. तुमचं नाव कुठंच नाही. मग ही वही कशाची, दुधाची की प्रयोगाची, हे समितीला कोण सांगणार?

मला हे माहीत नव्हतं, वर्षा. घरी आक्का घालते असं लिहिलं असतंस तर कुणीतरी येऊन मला विचारलं असतं, बाई, किती वाजता घालता? आणि मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तू का लिहिलं नाहीस ते मला कळतं. मॅट्रिक झालेल्या बाईच्या हातचं काम कोण मान्य करणार? पण मग लपवण्याचं दोघींनीही केलं, आणि भरलं त्यानं.

समिती सोमवारी, २२ एप्रिलला बसणार आहे. त्या दिवशी त्याचा प्रबंध नाकारला तर कॉलेजातली जागा जूनमध्ये दुसऱ्याला जाईल. सर म्हणाले, त्याआधी वर्षाराणीची सही असलेलं पत्र हवं: अंडी घरी आईनं घातली, वेळा या वहीप्रमाणे, रंगाच्या कामात प्रसेनजीतची चूक नाही. कॉम्प्युटरवरून पाठवलंस तरी आधी चालेल, सहीचं मागून आलं तरी चालेल.

असं लिहिलंस तर तुझा छापलेला लेख मागं घ्यावा लागेल, हे सरांनीच मला समजावून सांगितलं. तिथली तुझी जागा राहील की नाही, ते त्यांनाही सांगता येईना. आण्णा दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. म्हणतात, पोटच्या पोरीपेक्षा तुला तो जवळचा झाला काय? तसं नाही. तू परत आलीस, हात रिकामे घेऊन आलीस, तरी या घरात तुझं ताट आहे. त्याला मात्र कुणी परत उभं करणार नाही.

प्रसेनजीतला तू वेगळं लिहायचं की नाही, त्यात मी पडणार नाही. लग्नाचंही आता मी काही म्हणणार नाही. म्हणण्याचा हक्क मी घालवलाय. त्याच्या घराचा पत्ता पाकिटाच्या मागं लिहिलाय. तुझा पत्ता बायडाबाईला दिला.

तू पत्र पाठवलं नाहीस, तर बावीस तारखेला मी त्या समितीपुढं जाऊन उभी राहणार आहे. सरांना तसं सांगून आले. अंडी कोण घालत होतं ते विचारतील, मी सांगेन. मग प्रबंधात तुझं नाव कसं, असं विचारतील, आणि तिथं मला माझ्या मुलीनं खोटं लिहिलं असं माझ्या तोंडानं सांगावं लागेल. मी सांगेन. पण ते तू स्वतः लिहिलेलं त्यांनी वाचावं, असं मला फार वाटतं.

हे पत्र तुला बारा-तेरा तारखेला मिळेल. काय ठरवलंस ते उलट टपाली कळव. नाही असेल तर नाही लिही, पण कळव.

आक्का